वाचकांचे प्रश्न : दान द्यावं, की माल विकत घ्यावा?

छोट्या उत्पादकाला खर्च भागेल असा भाव, हंगामाआधी थोडी आगाऊ रक्कम आणि पुढच्या वर्षीही मागणी येईल याची खात्री देणारा व्यवहार म्हणजे फेअर ट्रेड. या विषयावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, गंगापूर रोडला राहते. दरवर्षी २५ हजार रुपये चांगल्या कामासाठी बाजूला काढते. आफ्रिकेतल्या कोको-कॉफीच्या छोट्या शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या परदेशी संस्थांबद्दल वाचलं. पैसे तिकडे पाठवावेत, की आपल्या पेठ-सुरगाण्याच्या बायकांचा माल घ्यावा?

दोन्ही चांगलं, पण ही दोन वेगळी कामं आहेत. माल घेतलात तर व्यवहार चालतो. दान दिलंत तर जो खर्च व्यवहारातून निघत नाही तो निघतो : प्रशिक्षण, वजनकाटा, खडे काढायचं यंत्र, हिशेब लिहिणाऱ्या मुलीचा पगार, पहिल्या वर्षीची तूट. परदेशातल्या जुन्या संस्थांनी हे दोन खिसे वेगळे ठेवले, ते उगीच नाही. ब्रिटनमध्ये १९७९ पासून चाललेल्या ट्रेडक्राफ्टची माल विकणारी कंपनी २०२३ च्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या शेजारची धर्मादाय संस्था मात्र ट्रान्सफॉर्म ट्रेड या नावाने चालू राहिली. घानातल्या कुआपा कोकू या कोको शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने तर १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या डिव्हाइन या चॉकलेट कंपनीत स्वतःच भागीदारी घेतली. तिथल्या शेतकऱ्याला तुमच्या देणगीपेक्षा तुम्ही घेतलेल्या चॉकलेटची गरज जास्त होती.

परदेशी संस्थेला भारतातून पैसे पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत देणगीही बसते. पण त्यावर ८०जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सवलत मिळत नाही. शिवाय रक्कम लहान असेल तर बँकेचं शुल्क आणि विनिमय दरातली तफावत जाऊन पोचतं ते कमीच. २५ हजारांसाठी हा खटाटोप करू नये, असं आमचं मत.

आम्ही सुचवू ते असं. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांत बचत गटांबरोबर काम करणारी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली एखादी संस्था निवडा. १५ हजार रुपये तिला ‘फिरता निधी’ म्हणून द्या आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा. म्हणजे तीच रक्कम फेब्रुवारीत गटाला आगाऊ जाते, विक्री झाली की नोव्हेंबरात परत येते आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा निघते. उरलेल्या दहा हजारांचा माल घ्या. खेळतं भांडवल ही छोट्या उत्पादकाची सगळ्यात मोठी अडचण. भावाची घासाघीस त्यानंतर येते. हातात पैसा नसला की नागली (नाचणी) काढणीच्या आठवड्यातच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावी लागते. मग पापडासाठी तीच नागली मार्चमध्ये चढ्या भावाने परत विकत घ्यायची!

प्रश्न : आमची इंदिरानगरच्या सोसायटीतली पंचवीस जणींची भिशी आहे. यंदा दिवाळीत सुरगाण्याच्या बचत गटाचे नागलीचे पापड, पीठ आणि खुरासणीचं तेल आणून स्टॉल लावायचा विचार आहे. नफा नको, पण त्या बायकांना नीट पैसे मिळावेत. मागे दुसऱ्या एका मंडळाने असंच केलं आणि निम्मा माल पडून राहिला. चुकतं कुठे?

तारखेत चुकतं. नागलीचे पापड उन्हावर होतात. नागली भिजवायची, दळून गाळायची, पापडखार-हिंग-तीळ घातलेल्या उकळत्या पाण्यात उकड काढायची, वाफवून मळायची, लाटायची आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायची. सुरगाण्या-पेठेत जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात हे होत नाही. म्हणजे दिवाळीचे पापड मेअखेर वाळून डब्यात गेलेले हवेत आणि तुमची ऑर्डर फेब्रुवारीत जायला हवी. सप्टेंबरात जाग आलेलं मंडळ जे मागवतं, ते एक तर दुसऱ्याकडून घेऊन दिलेलं असतं किंवा पावसाळी हवेत अर्धवट वाळलेलं. अशा पापडाला पाकिटात बुरशी धरते. मग लोक म्हणतात, बचत गटाचा माल चांगला नसतो.

पिठाचं तसं नाही, ते दिवाळीच्या आठवड्यात दळलं तरी चालतं. एवढं लक्षात ठेवा की नवी नागली ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते. दिवाळी लवकर आली तर पीठ मागच्या वर्षीच्या धान्याचंच असेल. त्यात काही वावगं नाही, फक्त पाकिटावर ‘नवी नागली’ छापू नका. धान्य मात्र खडे काढून घेतलेलं हवं. नागलीचा दाणा बारीक, वाळूचा कण त्यात सहज लपतो. एका भाकरीत कचकच लागली की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आता भाव. ‘तुम्ही कितीला देता?’ असं विचारू नका. गटातल्या बायका बाजारात ऐकलेला आकडा सांगतात, आपल्या मजुरीचा हिशेब त्यात धरत नाहीत. त्यांच्याबरोबर बसून खर्च मांडा. नमुन्यादाखल एक हिशेब देतो, आकडे तुमच्या गटाप्रमाणे बदला.

गाळलेल्या १० किलो पिठासाठी साधारण १२ किलो नागली धरा. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे ५० रुपये. नागलीचे झाले ६००. दळण ८०. पापडखार, हिंग, तीळ, मीठ, सरपण मिळून २००. पाव किलोची ४० पाकिटं, लेबलसह प्रत्येकी ६ रुपये, म्हणजे २४०. एसटीच्या पार्सलचे आणि हमालीचे २००. मजुरी सोडून १,३२० झाले. पहिल्या दिवशी चार जणी, दुसऱ्या दिवशी वाळवण-भरणीला दोघी, अशा सहा रोज. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, निदान तेवढे तरी धरा : १,८७२. एकूण ३,१९२, म्हणजे पाकिटामागे ८० रुपये. मोडतोड आणि गटाची शिल्लक म्हणून दहा टक्के वाढवले की ८८. स्टॉलवर तुम्ही १०० ते ११० ला विका, मंडपाचा खर्च त्यात निघतो.

हेच पाकीट कुणी ५० रुपयांना पाडून मागितलं तर काय होतं? दोन हजार हातात आले, १,३२० खर्चाचे गेले, सहा रोजांना ६८० उरले. रोजाला ११३ रुपये. नागलीवाला, गिरणीवाला, एसटी, कुणीही आपला पैसा सोडत नाही, कमी होते ती फक्त बाईची मजुरी. हा हिशेब स्टॉलवर मोठ्या अक्षरात लावा. ‘इतकं महाग?’ म्हणणाऱ्याशी वाद घालावा लागत नाही.

पैसे कसे द्यायचे, यावर सगळ्यात जास्त बिघडतं. ‘विकेल तेवढ्याचे पैसे देऊ, उरलेलं परत’ ही पद्धत मंडळांना सोयीची वाटते. तिच्यात सगळा धोका गटाच्या माथी. मेमध्ये केलेल्या पापडाचे पैसे नोव्हेंबरात, तेही निम्मे, आणि परत आलेला माल मोडका. माल सरळ विकत घ्या. पाचशे पाकिटं ८८ रुपयांनी ४४ हजार होतात. निम्मे, म्हणजे २२ हजार, ऑर्डरबरोबर द्या. पंचवीस जणींनी हजार-हजार काढले की ते निघतात, वर तीन हजार उरतात. बाकीचे पैसे माल ताब्यात आला की त्याच आठवड्यात गटाच्या बँक खात्यावर. खातं गटाच्या नावाचंच हवं, अध्यक्षबाईंच्या नवऱ्याचं नको. पन्नास टक्के आगाऊ हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. हस्तकलेच्या मालाला मागणी केल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असं जागतिक फेअर ट्रेड संघटनाही आपल्या सभासदांना सांगते.

पहिल्या वर्षी पाचशे पाकिटांचं धाडस करू नका. सभासदांकडून आधी नावं-पाकिटं लिहून घ्या, तेवढी अधिक पाचवा हिस्सा जास्त मागवा. मागच्या मंडळाचा माल पडला तो बहुधा याच कारणाने : मागवताना उत्साह, विकताना अंदाज.

माल आला की प्रत्येक खोक्यातलं एक पाकीट फोडा. पापड वाकवला की कडकन मोडला पाहिजे, लवला तर परत उन्हात. वाळवलेले पापड गरम असतानाच पाकिटात भरले तर आत दव धरतं, म्हणून सावलीत निवल्यावर भरायला सांगा. पाकिटांच्या थप्प्या दहाच्या वर रचू नका. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा ते, गटाचा पत्ता, शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा. लहान गटाला पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ती नसेल तर तुमच्या देणगीतून पहिलं काम तेच करून द्या.

तेलाच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. गळती, बाटल्या, तपासणी, सगळंच वाढतं.

प्रश्न : कॉलेज रोडच्या दुकानात निळ्या-हिरव्या शिक्क्याचं फेअरट्रेड कॉफीचं पाकीट मिळालं. दुप्पट किंमत मोजली. यातलं शेतकऱ्याला किती जातं?

वाटतं त्यापेक्षा कमी. तरी ते कमी पैसे महत्त्वाचे आहेत. धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचा फेअरट्रेडचा किमान दर ऑगस्ट २०२३ मध्ये पाउंडाला १.८० डॉलर ठरला, त्यावर २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेच्या सामूहिक निधीचे. पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम आणि हा दर हिरव्या, न भाजलेल्या दाण्याचा. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटतं, म्हणून पाव किलो भाजलेल्या कॉफीला ३०० ग्रॅम हिरवा दाणा लागतो. त्याचे किमान १.१९ डॉलर आणि निधीचे १३ सेंट. तेही बंदरावर, शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतात. त्यातून प्रक्रिया, वाहतूक वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याकडे.

हा दर म्हणजे तळ. बाजार त्याच्या वर असला तर बाजारभाव द्यावाच लागतो. २०२५ च्या सुरुवातीला अरेबिका पाउंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेव्हा या तळाचा उपयोग नव्हता. बाजार कोसळतो त्या वर्षी तो कामी येतो. दुकानातली दुप्पट किंमत बरीचशी पाकीट, भाजणावळ आणि दुकानदाराच्या वाट्याची असते, त्याचा दोष शिक्क्याला देऊ नये.

शिक्क्याशेजारी छोटा बाण असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. कोको, साखर, चहा, फळांचा रस यांत फेअरट्रेडचा आणि साधा माल कारखान्यात एकत्र होऊ शकतो. जितका घेतला तितकाच फेअरट्रेड म्हणून विकायचा, एवढा हिशेब ठेवला जातो. ही फसवणूक नव्हे, पण तुमच्या हातातला दाणा नेमका त्याच शेतकऱ्याचा असेल असंही नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्या. सुरगाण्याच्या गटाकडे हा शिक्का कधीच दिसणार नाही, कारण तपासणीचं वार्षिक शुल्क त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिक्का नाही म्हणजे व्यवहार वाईट, असं समजू नका.

प्रश्न : संस्था खरी आहे की नुसती फोटो दाखवते, हे घरबसल्या कसं तपासावं?

महाराष्ट्रात संस्थेच्या नोंदणी क्रमांकाआधी अक्षर असतं. सोसायटी असेल तर बहुधा एफ, न्यास असेल तर ई. तो क्रमांक मागा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) क्रमांक मागा आणि मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. नुसता अहवाल नको, अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. डिसेंबरात ‘अजून झालं नाही’ असं उत्तर आलं तर थांबा.

माल विकणाऱ्या संस्थेच्या ताळेबंदात दोन ओळींवर बोट ठेवा. पहिली, उत्पादकांची देणी, म्हणजे त्यांना अजून न दिलेले पैसे. ती दरवर्षी फुगत असेल आणि बँकेतली शिल्लकही वाढत असेल, तर संस्था गरीब उत्पादकाच्या पैशावर चालली आहे, मग माहितीपत्रक कितीही गोजिरं असो. दुसरी, माल साठा. विक्री तेवढीच आणि साठा वाढता असेल, तर न खपणारा जुना माल खरेदी किमतीला धरून ठेवलेला असण्याची शक्यता दाट. आस्थापना खर्चाची टक्केवारी सगळे विचारतात. या दोन ओळी कुणी विचारत नाही.

देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची वजावट मिळत नाही. साध्या पावतीवरही ती मिळत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरल्यावर निघणारं, आजवर १०बीई नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र लागतं. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवरचा जुना क्रमांक पाहून समाधान मानू नका. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच नाही. बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपनी या धर्मादाय संस्था नव्हेत. त्यांना दिलेल्या पैशांवर कुणी ८०जी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. त्याला इथल्या संस्थेला लाखभर रुपये द्यायचेत. माझ्या खात्यावर पाठवून मी दिले तर चालेल का?

आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते सांगा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. संस्था ती साध्या खात्यावर घेऊ शकते, फक्त पासपोर्टची प्रत मागून ठेवेल. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी होते. मग संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यावरच यायला हवेत. तुमच्या खात्यातून फिरवल्याने त्याचं मूळ बदलत नाही, कारण कायदा ‘एक किंवा अधिक व्यक्तींमार्फत’ आलेलीही धरतो. अडचणीत संस्था तर येतेच, पण अशी देणगी घ्यायला मदत करणाऱ्यालाही कायद्यात शिक्षा आहे, म्हणून जास्त जपा.

प्रश्न : अंबडच्या आमच्या कारखान्यात दिवाळीला ३०० कामगारांना भेट देतो. या वर्षी बचत गटाचा माल देऊन तो खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवता येईल?

नाही. ज्याचा लाभ फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांना होतो ते सीएसआरमध्ये बसत नाही. भेट म्हणूनच घ्या, पण दोन गोष्टी पाळा. ऑर्डर गणपतीच्या आधी नक्की करा, पापड हवे असतील तर त्याहून फार आधी. आणि पैसे ‘कंपनीच्या पद्धतीप्रमाणे ९० दिवसांनी’ देऊ नका. गटाची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ३०० खोक्यांचे पैसे तीन महिने अडकले की वीस बायकांचा गट पुढच्या हंगामात उभा राहत नाही.

प्रश्न : जुने कपडे आणि शिलाई मशीन पाठवावं का?

कपडे नकोत. मशीन चालतं, पण आधी दुरुस्त करून, पट्टा-बॉबिनसह, आणि गटात शिवणारं कुणी आहे का ते विचारून.

प्रश्न : येवल्याला पैठणी घेताना पैसा विणकरापर्यंत पोचतो की नाही, हे कसं कळेल?

आधी ती हातमागाची आहे का ते बघा. पदर उलटा करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत मोर, कोयऱ्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरता विणून शेजारच्यात अडकवलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हँडलूम मार्क हातमागाची. विणकराला मजुरी किती मिळाली, ते दोन्हीही सांगत नाहीत.

ते विचारावंच लागतं. रेशीम आणि जरीची तार विणकराची स्वतःची, की मालकाने दिलेली? साडीला किती दिवस लागले, मजुरी साडीवर ठरली की दिवसावर? बऱ्याच ठिकाणी रेशीम व्यापारी देतो आणि विणकर फक्त मजुरी घेतो. त्यातही चांगले व्यवहार आहेत. मजुरीला दिवसांनी भागा आणि आलेला आकडा वर पापडाच्या हिशेबात धरलेल्या ३१२ रुपयांशी ताडून बघा. पैठणी हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम, तेव्हा तो त्याच्या बराच वर असायला हवा. दुकानदार मजुरी सांगायला टाळत असेल तर शेजारच्या गल्लीत माग चालतात, तिथे विचारा. विणकराकडून थेट घेतलीत तरी पक्कं बिल घ्या, आणि नेसायची तारीख जवळ नसेल तर तयार साडीऐवजी ऑर्डर देऊन निम्मे पैसे आधी द्या. रेशमासाठी त्याला मालकाकडे हात पसरावा लागत नाही.